हृदयाने घेतलेला धसका : शस्त्रक्रियेनंतरची एक गुंतागुंत आणि आपली जबाबदारी

(विश्वस्त संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





वर्षभरातील रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, जमाखर्च आणि ताळेबंद यांचा तपशील अहवालात स्वतंत्रपणे दिलेला आहे. तो येथे पुन्हा वाचून दाखविण्याचा आमचा मानस नाही. त्याऐवजी एका गुंतागुंतीविषयी आज आपल्याशी सविस्तर बोलावे असे आम्ही ठरविले आहे. ती फार वारंवार उद्भवत नाही. परंतु उद्भवते तेव्हा रुग्णाचे प्राण, कुटुंबाचा धीर आणि रुग्णालयाची तिजोरी या तिन्हींची एकाच वेळी परीक्षा होते. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, जखम स्वच्छ असते, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी रुग्णाचे हृदय अचानक दुबळे पडते. हृदयाच्या रोहिण्यांत मात्र हे घडवून आणील असा अडथळा सापडत नाही. शरीर आणि मन यांवर आलेल्या ताणामुळे हृदयाच्या स्नायूला तात्पुरता आलेला हा अशक्तपणा असतो.

आम्ही वैद्यक शिकलेलो नाही; आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. पुढे जे वैद्यकीय सांगणार आहोत ते आमच्या डॉक्टरांकडून समजावून घेतलेले आणि प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांवर आधारलेले आहे. हिशेबाचा भाग तेवढा आमच्या रोजच्या कामातला आहे.

आपल्या भाषेला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक असावी. “त्याने धसका घेतला”, “तिने हाय खाल्ली” असे आपण सहज म्हणतो. कर्ता मुलगा गेल्यावर आठवडाभरात आईही गेली, अशा हकिकती कोकणातील प्रत्येक गावात ऐकू येतात. वैद्यकशास्त्राने मात्र या अनुभवाला रीतसर नाव देण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९४२ साली तीव्र भयामुळे ओढवणाऱ्या मृत्यूंविषयी एक लेख लिहिला होता. संकटसमयी शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये उसळतात, हा त्यांच्याच संशोधनाचा विषय. परंतु त्या काळात जिवंत माणसाचे हृदय आतून पाहण्याची आजच्यासारखी साधने नव्हती.

ते चित्र प्रथम स्पष्टपणे पाहिले जपानमधील डॉक्टरांनी. हिरोशिमा शहरातील नगर रुग्णालयात १९८३ साली चौसष्ट वर्षांची एक स्त्री छातीत दुखते म्हणून दाखल झाली. सारी लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याची होती, पण तपासणीत रोहिण्या मोकळ्या आढळल्या. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचे टोक मात्र हालचाल थांबवून फुग्यासारखे फुगले होते. सुमारे दोन आठवड्यांनी पाहिले तर हृदय पूर्ववत झालेले. असे आणखी रुग्ण पाहिल्यानंतर डॉ. हिकारु सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या स्थितीला ‘टाकोत्सुबो’ हे नाव दिले. जपानी भाषेत ‘टाको’ म्हणजे ऑक्टोपस आणि ‘त्सुबो’ म्हणजे मडके. तिकडील कोळी अशी रिकामी मडकी दोराला बांधून समुद्राच्या तळाशी सोडतात. अडचणीच्या जागी लपण्याची सवय असलेला ऑक्टोपस आपण होऊन आत शिरतो आणि कोळी दोर ओढून मडके वर घेतात. या मडक्याचे पोट गोल आणि गळा अरुंद असतो. आपल्या घरातील चंबू डोळ्यांपुढे आणला की आकार लगेच लक्षात येईल. ताणाखाली सापडलेल्या हृदयाचे टोक फुगते, वरचा भाग जोराने आवळला जातो, आणि हृदय नेमके तसे दिसू लागते.

असे का होते, याचे उत्तर अद्याप पूर्णपणे मिळालेले नाही; परंतु मुख्य संशय ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीच्या द्रव्यांवर आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉक्टरांनी २००५ साली अशा एकोणीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील अठरा स्त्रिया होत्या. आप्ताच्या मृत्यूची बातमी, अपघात, भांडण अशा एखाद्या मानसिक धक्क्यानंतर त्यांचे हृदय दुबळे झाले होते. मोठ्या हृदयविकाराच्या झटक्याने आजारी झालेल्यांच्या तुलनेतही या रुग्णांच्या रक्तात ही द्रव्ये दुप्पट-तिप्पट आढळली. संकटात बळ देण्यासाठी शरीराने सोडलेले द्रव्य अतिरेकाने हृदयाच्या स्नायूलाच बधिर करून टाकते, असा याचा ढोबळ अर्थ. जपानच्या निगाता प्रांतात ऑक्टोबर २००४ मध्ये भूकंप झाला, तेव्हाही पुढील काही आठवड्यांत या विकाराचे रुग्ण वाढल्याची नोंद तेथील डॉक्टरांनी केली. आपल्या रायगड जिल्ह्याने जुलै २००५ चा महापूर पाहिला आहे आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर कोसळलेली दरडही पाहिली आहे. अशा प्रसंगानंतर छातीत दुखते म्हणणाऱ्या माणसाला “घाबरला आहे, पाणी द्या” एवढे सांगून घरी पाठवू नये, इतका बोध तरी आपण यातून घ्यावयास हवा.

प्रथमतः हा विकार दुःखाशी जोडला गेला आणि ‘भग्नहृदय’ असे काव्यमय नावही त्याला मिळाले. पुढील अभ्यासाने हे चित्र पालटले. युरोप आणि अमेरिकेतील सव्वीस केंद्रांनी एकत्र येऊन १,७५० रुग्णांची नोंद केली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ६६ वर्षांच्या आसपास होते. मानसिक धक्का हे कारण सुमारे २८ टक्के रुग्णांत आढळले, तर शारीरिक कारण ३६ टक्के रुग्णांत. गंभीर संसर्ग, दम्याचा झटका, मेंदूचे विकार, अपघात आणि शस्त्रक्रिया ही अशी शारीरिक कारणे होत. उरलेल्यांपैकी बहुतेकांत कोणतेच कारण सापडले नाही. रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण ४.१ टक्के होते, आणि पाचांतील एकाहून अधिक रुग्णांना गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले. हृदय बहुधा पूर्ववत होते हे खरे. तरीही याला किरकोळ समजता येणार नाही. शारीरिक कारणाने हा विकार झालेल्यांची प्रकृती इतरांपेक्षा अधिक बिघडते, असेही दिसून आले आहे. आमच्यासारख्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

शस्त्रक्रियेच्या काळात शरीरावर किती प्रकारचे ताण एकाच वेळी येतात, याची कल्पना आपण करावी. आदल्या रात्रीची भीती, उपास, अनोळखी खाट, भूल देताना श्वासनलिकेत घातली जाणारी नळी, रक्तस्राव, भूल उतरल्यावरच्या वेदना, त्यातच रक्तदाबाची नेहमीची गोळी चुकलेली किंवा ताप आलेला. यांपैकी कोणते कारण कोणत्या हृदयाला झेपणार नाही, हे आधी सांगता येत नाही.

उदाहरण म्हणून असे समजू या, की खालापूर तालुक्यातील एखाद्या गावातील सत्तरीच्या आजी अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. या वयात अंथरुणाला खिळून राहण्याचे धोके मोठे असल्याने शस्त्रक्रिया लवकर करावी लागते. ती झाली. मुलाला बाहेर येऊन सांगण्यात आले की सर्व काही व्यवस्थित पार पडले. दुसऱ्या दिवशी पहाटे आजींना धाप लागते, रक्तदाब उतरतो, ईसीजी बदलतो. रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलेले दिसते. पहिला विचार हृदयविकाराच्या झटक्याचा येतो आणि तो यावयासच हवा. दुसरी शक्यता असते पायातील रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकण्याची. तिसरी शक्यता टाकोत्सुबोची. तिन्हींची लक्षणे एकमेकांसारखी, उपचार मात्र वेगवेगळे.

झटका समजून रक्त पातळ करणारी जोरदार औषधे दिली, तर कालच्या ताज्या जखमेतून रक्तस्राव होण्याची भीती. रक्तदाब वाढविण्यासाठी ॲड्रेनॅलिनच्या जातीचे औषध चढविले, तर ज्या द्रव्याने हृदय बधिर केले त्याचीच आणखी भर पडण्याची भीती. काही रुग्णांत हृदयाचा वरचा भाग इतका आवळलेला असतो की रक्त बाहेर पडण्याची वाटच अरुंद होते. त्यांना अशा औषधाने अपाय होऊ शकतो. उलट, “ताणामुळे झाले असेल” असे गृहीत धरून खरा झटका नजरेआड केला, तर तो प्राणावर बेततो. म्हणून आमचे डॉक्टर एक नियम कटाक्षाने पाळतात. रोहिण्यांतील अडथळा आणि इतर कारणे नाहीत याची शक्य तितकी खात्री झाल्यावरच टाकोत्सुबो हे निदान लिहायचे. त्यासाठी प्रथम खाटेजवळ इको तपासणी आणि बहुतेक वेळा ॲन्जिओग्राफी करावी लागते. आमच्याकडे कॅथलॅब नाही. रुग्णाची प्रकृती प्रवास सोसेल इतकी स्थिर करून, सोबत डॉक्टर देऊन, त्याला मोठ्या केंद्रात न्यावे लागते. पनवेल हे महामार्गांच्या तोंडाशी वसलेले गाव असल्याने अंतर फार नाही, पण भर वाहतुकीच्या वेळी ते अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही.

निदान झाल्यावर नातेवाईक विचारतात, “मग आता औषध कोणते?” या विकाराचे असे खास औषध आजमितीस नाही. हृदय स्वतःच्या बळावर उभे राहीपर्यंत त्याला आधार द्यावयाचा, हाच उपचार. प्राणवायू, फुफ्फुसांत साचलेले पाणी उतरविणारी औषधे, वेदनाशमन, हृदयाच्या ठोक्यांवर अखंड लक्ष, आणि फुगलेल्या टोकात रक्ताची गुठळी होत नाही ना हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा इको. बहुसंख्य रुग्णांचे हृदय काही दिवसांत ते काही आठवड्यांत सावरते. त्या दिवसांत अतिदक्षता विभागातील परिचारिकेची नजर हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

येथे आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करणे उचित होईल. हृदयाव्यतिरिक्त अन्य अवयवांची शस्त्रक्रिया झालेल्या, पंचेचाळीस आणि त्याहून अधिक वयाच्या सुमारे पंधरा हजार रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ८ टक्के रुग्णांच्या हृदयस्नायूला रक्तपुरवठा अपुरा पडल्यामुळे इजा झाल्याचे ट्रोपोनिनच्या तपासणीतून दिसले. आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ८४ टक्के जणांना छातीत दुखण्यासारखे कोणतेही लक्षण जाणवले नव्हते. ही इजा आणि टाकोत्सुबो या निरनिराळ्या गोष्टी आहेत. परंतु शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली असलेला रुग्ण आपली तक्रार सांगेल याची वाट पाहत बसणे सुरक्षित नाही, हा धडा दोन्हींना लागू पडतो. जोखीम अधिक असलेल्या रुग्णांची नाडी, रक्तदाब, श्वास, प्राणवायूचे प्रमाण आणि डॉक्टरांना आवश्यक वाटेल तेव्हा ट्रोपोनिन पाहात राहावे लागते. यासाठी माणसे लागतात, आणि ती रात्रीही लागतात.

आता नातेवाईकांच्या मनातील एका प्रश्नाकडे वळतो. “ऑपरेशन चांगले झाले असे तुम्हीच सांगितलेत, मग आई अतिदक्षता विभागात का?” हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्यात दुःख असते, संशय असतो, आणि वाढत जाणाऱ्या बिलाची धास्तीही असते. काही घरांत लगेच दोष वाटण्यास सुरुवात होते. भूल देणारा चुकला, अमक्याने घाई केली, किंवा “तूच आईला आदल्या दिवशी रडविलेस” असे भाऊ बहिणीला ऐकवतो. टाकोत्सुबोच्या बाबतीत तरी हा शेवटचा आरोप आम्ही कोणत्याही घरात राहू देऊ इच्छित नाही. एका वाक्याने किंवा एका अश्रूने हृदय दुबळे झाले असे कोणालाही सिद्ध करता येत नाही; वेदना, आजार, वय, भीती आणि शरीराची स्वतःची ठेवण यांचा तो एकत्रित परिणाम असतो. उत्तम रुग्णालयांतही, सर्व काळजी घेतल्यानंतरही, हा विकार होतो. डॉक्टरांच्या कामाविषयी शंका असेल तर ती विचारण्याचा नातेवाईकांना अधिकार आहे, आणि केसपेपर दाखवून तिचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

दुसरी दक्षता स्त्री-रुग्णांविषयी घ्यावयाची आहे. या विकाराचा ताणाशी संबंध आहे असे कळताच “म्हणजे मनाचेच आहे” असा अर्थ लावण्याचा मोह होतो. घरातील थोरल्या बाईची धाप आणि छातीतील कळ आधीच “हिचे नेहमीचेच” म्हणून बाजूला सारली जाते. इको यंत्राच्या पडद्यावर हृदयाचा स्नायू हालत नसल्याचे डोळ्यांना दिसते. रक्तात इजेची खूण मोजता येते. कारण मनात असो वा शरीरात, आजार हृदयाचा आहे, आणि त्यावर उपचारही हृदयरोग्याप्रमाणेच व्हावयास हवेत.

हा विकार हमखास टाळता येईल असा सिद्ध उपाय आज नाही. परंतु शस्त्रक्रियेच्या काळातील अनावश्यक ताण कमी करणे आपल्या हाती आहे, आणि त्याने अपाय तर होतच नाही. त्या दृष्टीने आम्ही पुढील गोष्टींचा आग्रह धरतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाने रुग्णाशी, रुग्णाच्या भाषेत, बसून बोलावे. काय होणार, किती दुखेल, जागे झाल्यावर कोण जवळ असेल, हे सांगावे. आगरी किंवा कातकरी बोली बोलणाऱ्या रुग्णाशी त्याची बोली जाणणाऱ्या कर्मचाऱ्याने बोलावे. वृद्ध रुग्णाचा चष्मा आणि श्रवणयंत्र शुद्धीवर येताच परत द्यावे, म्हणजे तो गोंधळत नाही. वेदना किती आहे हे नाडी-रक्तदाबाप्रमाणेच ठरावीक वेळेने विचारून लिहून ठेवावे. “थोडे दुखणारच” या उत्तरावर समाधान मानू नये. आणि नातेवाईकांना माहिती देणारा डॉक्टर शक्यतो एकच असावा, म्हणजे तीन तोंडांतून तीन गोष्टी कानी पडत नाहीत.

नातेवाईकांनीही आम्हांला साहाय्य करावे. रुग्ण घरी घेत असलेल्या सर्व गोळ्या, वैद्यांच्या पुड्या आणि काढेही, दाखल होताना बरोबर आणून दाखवावेत. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. दारू, तंबाखू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असल्यास संकोच न करता सांगावे. सवयीची वस्तू अचानक थांबणे हाही शरीरावर मोठा ताण असतो. नुकताच घरात मृत्यू झाला असेल, मोठे संकट आले असेल, तर तेही सांगावे. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येण्याजोगी असेल तर डॉक्टर त्याचा विचार करू शकतात. आणि रुग्णाला अशी गुंतागुंत पूर्वी झालेली असल्यास तो कागद प्रत्येक वेळी बरोबर ठेवावा, कारण थोड्या रुग्णांत हा विकार पुन्हा उद्भवतो.

आता हिशेबाचा भाग. शासकीय आरोग्य योजनांनी मोठा दिलासा दिला आहे, याबद्दल दुमत नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड जिल्हा होता. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचे दर ठरलेले असतात. सरळ पार पडणाऱ्या उपचारांना तो हिशेब जमतो. परंतु खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर हृदय दुबळे झाले, अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबला, पुन्हा पुन्हा इको झाले, रुग्णवाहिकेने ने-आण झाली, की ठरलेल्या रकमेपलीकडील खर्च समोर उभा राहतो. योजनेबाहेरच्या रुग्णाच्या घरी तो खर्च दागिने गहाण टाकून किंवा उसनवारी करून भागविला जातो. ताणाने आलेल्या आजारावर उपचार करता करता आम्हीच त्या कुटुंबाला नवा ताण द्यावा, हे या संस्थेच्या उद्दिष्टांत बसत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेल्या योजनेनुसार एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणेही त्या योजनेत अभिप्रेत आहे. हे आम्ही कायद्याचे ओझे मानीत नाही. पण हिशेब साधा आहे. गुंतागुंतीच्या एका रुग्णाला निधीतून जी रक्कम लागते, तिच्यात साध्या शस्त्रक्रियेचे कित्येक रुग्ण बसतात. वर्षाच्या अखेरीस निधी आटतो, आणि नेमकी त्याच वेळी एखादी आजी अतिदक्षता विभागात येते.

म्हणून देणगीदारांपुढे आम्ही एक विनंती ठेवीत आहोत. आपल्यापैकी अनेकांनी खाटा दिल्या, यंत्रे दिली, आई-वडिलांच्या स्मरणार्थ खोल्या बांधून दिल्या. त्या पाट्यांकडे पाहून आम्हांला आजही कृतज्ञता वाटते. यापुढे काही देणग्या अशा याव्यात की ज्यांच्यावर पाटी लावता येणार नाही. रात्रपाळीतील एका अधिक परिचारिकेचे वेतन, अवेळी इको करण्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांचे मानधन, आजींच्या मुक्कामातील वाढीव दिवस, दूरच्या वाडीवरून फेरतपासणीसाठी येणाऱ्या रुग्णाचे एसटीचे भाडे, यांसाठी दिलेला रुपया वर्षअखेर खर्ची पडलेला असतो, त्याची वस्तू उरत नाही. यासाठी ‘गुंतागुंत साहाय्य’ असे स्वतंत्र खाते उघडून, मुद्दल कायम ठेवून, केवळ व्याज खर्च करावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. मंडळाने तो मान्य केल्यास खर्चाचा तपशील रुग्णाचे नाव न देता दरवर्षी अहवालात छापण्याची जबाबदारी प्रशासन घेईल. किती दिवस, कशासाठी आणि किती रक्कम, हे देणगीदाराला कळले पाहिजे.

फेरतपासणीचा उल्लेख वर आला, त्याविषयी दोन शब्द. टाकोत्सुबोचा रुग्ण घरी जाताना पुष्कळदा बरा दिसतो आणि येथेच घोटाळा होतो. बरे वाटले की रुग्ण येत नाही. भात लावणीचे दिवस असले तर मुळीच येत नाही. हृदय खरोखर पूर्ववत झाले आहे काय, औषधे किती काळ चालू ठेवावयाची, हे काही आठवड्यांनंतरच्या इको तपासणीवरच ठरते. ते पूर्ववत झालेले दिसले तरच मूळ निदानालाही बळकटी येते. न दिसल्यास डॉक्टरांना नव्याने विचार करावा लागतो. निर्धन रुग्णांसाठी ही एक तपासणी पूर्णपणे मोफत असावी आणि ठरलेल्या दिवशी रुग्ण आला नाही तर आमच्या समाजसेविकेने दूरध्वनी करून विचारपूस करावी, असाही त्या प्रस्तावाचा भाग आहे. खारघर-कामोठ्यापासून नवीन पनवेलपर्यंतच्या इमारतींत एकेकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक वाढत आहेत; मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी असतात. त्यांच्या बाबतीत हा दूरध्वनी तपासणीइतकाच मोलाचा ठरेल.

मान्यवरहो, शस्त्रक्रियागृहाचा दरवाजा उघडून “व्यवस्थित झाले” असे सांगितले जाते तेव्हा नातेवाईक सुटकेचा निःश्वास सोडतात. रुग्णाच्या शरीराचे काम मात्र त्या क्षणी संपलेले नसते. पुढील दोन-चार दिवस त्याचे हृदय आलेला ताण पचवीत असते. बहुतेक हृदये तो पचवितात. ज्यांना तो पचत नाही, त्यांना सावरण्यासाठी अवधी मिळावा आणि त्या अवधीत पैशाअभावी कोणाचाही आधार काढून घेतला जाऊ नये, एवढीच या प्रस्तावामागील भूमिका आहे.

वर्षभर अहोरात्र काम करणारे आमचे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, आया आणि सफाई कर्मचारी यांचे मनःपूर्वक आभार. आमच्यावर विश्वास टाकून आपले आप्त आमच्या स्वाधीन करणाऱ्या कुटुंबांचे आम्ही ऋणी आहोत. विश्वस्त मंडळाने प्रस्तावाचा सहानुभूतीने विचार करावा आणि देणगीदारांनी त्यास हातभार लावावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.